मॅग्नस टुलॉकची पाटी

आमच्या स्ट्रॅथकर्नच्या कॉलेजाची प्रगती दरवर्षी दोन ठिकाणी लिहिली जायची. एक म्हणजे रजिस्ट्रार पिटकेर्नसाहेबांचा छापील अहवाल. विद्यार्थी किती, व्याख्यानं किती, ग्रंथालयात पुस्तकं किती वाढली, छप्पर कुठे गळतंय, सगळं त्यात असायचं, आणि मे महिन्यातल्या पदवीदानाला साहेब तो उभ्याने वाचून दाखवायचे तेव्हा निम्मं गाव डुलक्या काढायचं. दुसरी जागा म्हणजे सभागृहाच्या दाराशी टांगलेली, इथल्या रीमू नावाच्या झाडाच्या लाकडाची उंच पाटी. तिच्यावर साल, आणि सालाखाली त्या वर्षी पदवी मिळालेल्यांची नावं, पांढऱ्या रंगात, एकाखाली एक. अहवाल कोण वाचतो? पाटी मात्र येणाराजाणारा प्रत्येक जण वाचायचा. आणि ती पाटी रंगवायचा मॅग्नस टुलॉक, कॉलेजचा शिपाई.

शिपाई म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. घंटा तो द्यायचा, वर्गातल्या शेगड्या तो पेटवायचा, प्राध्यापकांचे चष्मे तो शोधून द्यायचा, आणि बर्फ पडलं की विद्यार्थ्यांनी पुतळ्याला घातलेल्या टोप्याही तोच उतरवायचा. मूळचा स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरचा. तिथे बापाच्या हाताखाली पत्र्याचं काम शिकला. देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या बोटींसाठी बिस्किटांचे डबे करायचे, असे की दोन वर्षं समुद्रावर राहिले तरी आतलं बिस्किट मऊ पडता कामा नये. सत्ताविसाव्या वर्षी बायकोला, बार्बराला, आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन तो न्यूझीलंडला आला. इकडे आला तेव्हा गावात पत्र्याचं काम करणारे आधीच चार जण होते आणि कॉलेज नुकतं उघडलं होतं, म्हणून तो शिपाई झाला. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत राहिला. तिथेच ती मुलगी, इंगा, लहानाची मोठी झाली.

१८७६ साली पाटीवर पहिलं नाव चढलं. एकच. त्या दिवशी गावाने असा जल्लोष केला की विचारू नका. आणि १८७७ साली कुणीच पास झालं नाही. कॉलेजचा कारभार बघणाऱ्या कौन्सिलातले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "टुलॉक, साल लिहूच नकोस, कुणाच्या ध्यानात यायचं नाही." मॅग्नसने ठसठशीत १८७७ लिहिलं आणि खाली बोटभर जागा कोरी सोडली. म्हणाला, "आम्ही वर्षभर घंटा दिलीच होती की, साहेब."

त्या कोऱ्या जागेवरून गावाने त्याला पुढे बारा वर्षं छळलं. त्यात पुढे असायचा बेअर्ड, कोपऱ्यावरचा पाववाला. मॅग्नस सकाळी पाव घ्यायला गेला की बेअर्ड विचारायचा, "काय रे, यंदा पाटीला रंग लागणार, की नुसती धूळ पुसायची?" मॅग्नस शांतपणे म्हणायचा, "तुझा पाव फुगला तर पोरं खाऊन अभ्यास करतील. कालचा तर भिंतीत वीट म्हणून लावला असता." दोघांचं वाकडं नव्हतं बरं का. हे त्यांचं रोजचंच होतं.

आता आमच्या परीक्षेची एक गंमत सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. पेपर लिहायचे इथे आणि तपासायचे मायदेशात, ब्रिटनला, बारा हजार मैलांवर. का, तर उद्या कुणी म्हणू नये की वसाहतीतल्या लोकांनी आपसात पदव्या वाटून घेतल्या. नोव्हेंबरात परीक्षा व्हायची, उत्तरपत्रिका पेटीत घालून बोटीने जायच्या, आणि निकाल तारेने यायचा तो मार्च संपताना. चार-पाच महिने पोरांच्या जिवात जीव नसायचा. पण अभिमान केवढा. आमच्या पदवीवर आमच्या गल्लीचा शिक्का नाही, असं आम्ही छाती काढून सांगायचो.

नियम असा होता की पेटी रजिस्ट्रारसाहेबांनी किंवा कॉलेजच्या शपथ घेतलेल्या नोकराने बांधायची, तिसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. शपथ घेतलेला नोकर म्हणजे मॅग्नस. लाकडी पेटीला लाखेची मोहोर लावली की नियम संपला. पण मॅग्नसचं समाधान होत नसे. तो आत पत्र्याचा डबा करायचा, उत्तरपत्रिका त्यात ठेवायचा, झाकणाला चहूबाजूंनी कथील वितळवून डाख द्यायचा, आणि मग तो डबा लाकडी पेटीत. साहेब दरवर्षी हसायचे.

"टुलॉक, तू परीक्षकांना उत्तरपत्रिका पाठवतोयस की देवमाशांना बिस्किटं?"

"समुद्राला काय कळतंय साहेब, आत काय आहे ते."

पिटकेर्नसाहेब माणूस वाईट नव्हते. ग्रीक आणि लॅटिन यांत बुडालेले, नियमाला पक्के, आणि डोक्यावर गाजरासारखे लालभडक केस, पन्नाशीतही एक पांढरा नाही. आमचं गाव स्कॉटलंडहून आलेल्यांचं; आमच्याकडे नव्या वर्षाच्या दिवशी घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या माणसाचं पडावं लागतं, आणि तेही हातात काहीतरी घेऊन. लाल केसांचा माणूस पहिला आला की वर्षाची माती झालीच म्हणून समजा. साहेबांना हे ठाऊक होतं. एवढे विद्वान, पण लोकांच्या जिवाला घोर नको म्हणून एक जानेवारीला दुपारपर्यंत ते घराबाहेर पडत नसत.

तर इंगा. ही पोर कॉलेजच्या घंटेवर मोजायला शिकली. सकाळी बालवर्गाला शिकवायची, दुपारी व्याख्यानांना बसायची, आणि गणितात अशी की प्राध्यापक फळ्यावर अडले तर वर्गातली मुलं मागे वळून तिच्याकडे बघायची. चार वर्षं असं रेटलं तिने. १८८९च्या नोव्हेंबरात ती शेवटच्या परीक्षेला बसली, तेव्हा पाटीवर अडतीस नावं होती. अडतीसच्या अडतीस पुरुषांची. गावातल्या मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या बाई जूनमध्ये लग्न करून जाणार होत्या. शाळेच्या समितीने इंगाला स्वच्छ सांगितलं होतं: जूनच्या आत पदवी आली तर जागा तुझी, नाहीतर आम्ही एडिनबराहून माणूस मागवतो. अशी जागा आमच्या गावात पंधरा वर्षांत एकदा रिकामी होते. मॅग्नस हे कुणाजवळ बोलला नाही, पण पांढऱ्या रंगाचा नवा डबा त्याने ऑगस्टमध्येच आणून ठेवला होता.

आणि इथे बेअर्डची जीभ घसरली. दुकानात गर्दी होती, कौन्सिलातले दोघे जण रांगेत उभे होते, आणि हा शहाणा म्हणतो, "आता पोरीचा पेपर आणि बाप बांधणार डबा. आत काय जातं नि काय निघतं, देव जाणे." तो नेहमीसारखं थट्टेनेच बोलला असेल. पण दुपारी साहेबांनी मॅग्नसला बोलावलं.

"टुलॉक, यंदा तू पेटीला हात लावायचा नाहीस. परीक्षार्थीचा बाप आहेस. उद्या कुणी बोट दाखवलं तर इंगाच्याच पदवीवर दाखवेल."

मॅग्नसच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. चौदा वर्षांत त्याच्या हाताखालून एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता. पण साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे त्याला त्याच्या रागापेक्षा आधी कळलं. "बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला. "मग डाख कोण देणार?"

"डाख कशाला? मोहोर लावू की."

"डाख दिल्याशिवाय माझ्या पोरीची चार वर्षं मी समुद्रात सोडणार नाही. बाकीच्या बावीस जणांचीही नाही."

"नियमात बाहेरचा माणूस बसत नाही. तुला हात लावता येत नाही. मग राहिलं कोण?"

मॅग्नस नुसता साहेबांकडे बघत उभा राहिला. साहेबांना उत्तर उमगलं तेव्हा त्यांचा चेहरा केसांच्या रंगाचा झाला.

घरी बार्बराने हे ऐकलं आणि बेअर्डचा पाव त्याच दिवशी बंद केला. "माझ्या घरात त्या माणसाचं पीठ येणार नाही," ती म्हणाली. "अहो, आणि तो पिटकेर्न डाख देणार? त्याला चहात साखर ढवळायला सांगितली तर पुस्तक उघडेल."

"शिकेल," मॅग्नस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्ट्रारच्या खोलीत जे झालं ते गावात अजून सांगतात. साहेबांनी काळा झगा काढून खुंटीला अडकवला, बाह्या सारल्या, आणि शेगडीपाशी गुडघ्यांवर बसले. मॅग्नस उंबऱ्याबाहेर, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून. उत्तरपत्रिका आत, झाकण वर.

"राळ आधी, साहेब. भरपूर. आता सळई उचला. तापलीय का बघा."

"कशी बघू?"

"बोटाने नको."

बोट तोवर लागलं होतं. साहेब लॅटिनमध्ये काहीतरी म्हणाले.

"आता सांध्यावर टेकवा. चाटवू नका, टेकवा. धीर धरा. कथील आपोआप धावेल."

"टुलॉक, मला विद्वान होऊन अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्याशी असं कुणी बोललेलं नाही."

"सळई हलली, साहेब."

तासाभराने तीन बाजू झाल्या. वेड्यावाकड्या, जागोजाग गोळे आलेल्या, पण झाल्या. चौथ्या बाजूच्या कोपऱ्याशी साहेबांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "पुरे. उद्या बोट सुटतेय."

"तो कोपरा उपाशी राहिलाय, साहेब."

"मला तर भरलेला दिसतो."

"मग पाण्यात घालून बघू. बार्बराचं कपडे धुवायचं पिंप बाहेर भरून ठेवलंय."

साहेब ताडकन उभे राहिले. "तेवीस जणांच्या उत्तरपत्रिका मी स्वतःच्या हाताने पाण्यात बुडवू? शुद्धीवर आहेस का?"

"गळका असला तर बुडबुडे येतील, लगेच वर काढायचा. नसला तर काहीच होणार नाही. इथे बुडबुडा आला तर आपण पुसू. तिकडे आला तर कोण पुसणार?" मॅग्नस उंबऱ्याला अगदी खेटला. "आत माझी मुलगी आहे, साहेब. मी काय उगाच सांगेन?"

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. मग वाकून डबा छातीशी धरला, अंगणात नेला, आणि डोळे मिटून पाण्यात दाबला. चौथ्या कोपऱ्यातून एक बुडबुडा आला, मग दुसरा.

"बार्बराबाई, पंचा," साहेब म्हणाले, आणि परत आत जाऊन गुडघ्यांवर बसले. यावेळी सळई टेकवली, चाटवली नाही. पुन्हा डबा पाण्यात गेला तेव्हा एकही बुडबुडा आला नाही. साहेब इतके खूश झाले की त्यांनी डबा आणखी दोनदा बुडवला, उगाचच.

बोट चार डिसेंबरला सुटली. सहा तारखेला दुपारी तार आली की दाट धुक्यात ती खडकावर चढली आणि दुभंगली. माणसं सगळी होड्यांतून सुखरूप किनाऱ्याला लागली, देवाची कृपा. माल आणि टपाल गेलं.

साहेब स्वतः फाटकापाशी आले. स्वयंपाकघरात खुर्चीवर टेकले आणि टोपी हातात फिरवत बसले. इंगा टेबलाशी उभी होती. "तेवीसही जणांना पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा बसावं लागेल," ते म्हणाले. "आजच पत्रं लिहितो. आणि पाटीवर यंदा..." पुढचं त्यांनी गिळलं. कोरी जागा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आली होती.

इंगा म्हणाली, "बसेन पुन्हा." एवढंच. पण खुर्चीच्या पाठीवर तिची बोटं पांढरी पडलेली मॅग्नसने पाहिली. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत शाळेतल्या जागेवर एडिनबराची बाई येऊन बसली असती.

"साहेब, पत्रं लिहू नका," मॅग्नस म्हणाला.

"अरे, बोट फुटली."

"बोट फुटली. डबा कुठे फुटलाय? आत कागद आणि हवा, बाहेर लाकूड. पाणी आत शिरलं नाही तर तो बुडेलच कशाला? तरंगत असेल कुठेतरी. वारा जमिनीकडे वाहतोय, आज ना उद्या किनाऱ्याला लागेल."

"तुझ्या डब्यावर एवढा विश्वास आहे तुझा?"

"माझा कुठला? डाख तुमचा आहे, साहेब."

साहेब बराच वेळ आपल्या भाजलेल्या बोटाकडे बघत राहिले. "नव्या वर्षापर्यंत थांबतो," शेवटी म्हणाले. "दोन तारखेला पत्रं जातील. त्यापुढे एक दिवस नाही."

मग सुरू झालं वाट बघणं. मॅग्नसने किनाऱ्यावरच्या प्रत्येक चौकीला, प्रत्येक दीपगृहाला स्वतःच्या हाताने पत्रं घातली. बेअर्ड एकदा फाटकाशी घुटमळला, बार्बराने दार लावून घेतलं. ख्रिसमस आला, इथल्या उन्हाळ्याची उन्हं कडक झाली, बागेत मटार तोडायला आले, आणि डब्याचा पत्ता नाही. कॉलेजची बाराची घंटा सुट्टीतही व्हायची, सगळं गाव तिच्यावर घड्याळं लावायचं. एके दिवशी ती सव्वाबाराला झाली.

इंगाने टेकडीवर जाऊन बापाला गाठलं. "बाबा, डबा गेला असला तर गेला. मी पुन्हा बसेन म्हटलंय ना? पण तुम्ही असे समुद्राकडे डोळे लावून बसू नका. अख्ख्या गावाचं जेवण पाव तास लांबलं आज."

"घड्याळ बिघडलंय ते," मॅग्नस म्हणाला.

"घड्याळाला नावं ठेवू नका."

दोघंही हसली. हसता हसता मॅग्नसच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते त्याने वाऱ्यावर ढकललं. उतरताना इंगाने त्याचा हात धरला होता. ती पाच वर्षांची असताना धरायची तसा.

एक जानेवारी उजाडला. बार्बराने घर आरशासारखं लखलखीत केलं होतं, शेगडीतली जुनी राख बाहेर टाकली होती, टेबलावर काळा फळांचा केक. पहिल्या पावलासाठी दूधवाला ठरलेला होता. त्याचे केस कोळशासारखे काळे, त्यामुळे त्या दिवशी त्याला अर्ध्या गावाचं आमंत्रण असायचं आणि यायला उशीर व्हायचा. नऊच्या सुमाराला दारावर थाप पडली. बार्बरा हसत दार उघडायला गेली आणि उघडलं तशी जागच्या जागी थांबली.

दारात पिटकेर्नसाहेब. डोक्यावर टोपी नाही, लाल केस पिंजारलेले, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेला, पोचे पडलेला, समुद्राच्या शेवाळाने माखलेला पत्र्याचा डबा.

"नवं वर्ष सुखाचं जावो, बाई. आत येऊ का?"

"नाही," बार्बरा म्हणाली.

"अहो, डबा सापडलाय."

"दिसतोय मला. आनंदच आहे. पण तुम्ही उंबरा ओलांडायचा नाही. दूधवाला येऊन जाईपर्यंत तिथेच उभे राहा." आणि तिने दोन्ही हात चौकटीला लावले. आपली पोर, आपला नवरा, चार वर्षं, सगळं त्या डब्यात होतं हे तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे? कळत होतं म्हणूनच ती हलली नाही. इथवर आलेलं नशीब एका लाल केसांपायी घालवायला ती तयार नव्हती.

आतून मॅग्नस धावत आला आणि उंबऱ्याशी येऊन थबकला. त्याला डब्याला हात लावायची बंदी, साहेबांना आत यायची बंदी. मध्ये दीड हाताचं अंतर. "डाख धरलाय का?" त्याने विचारलं.

"चारही बाजूंनी," साहेब म्हणाले. ते लहान पोरासारखे हसत होते. "हलवून पाहिलाय. आत कोरड्या कागदाचा आवाज येतोय. ऐक." आणि त्यांनी तिथल्या तिथे डबा कानाशी हलवून दाखवला.

तिथे उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. लाकडी पेटीचा भुगा झाला होता. डबा दक्षिणेला नदीच्या मुखाशी शेवाळात अडकलेला तामाती नावाच्या माओरी नावाड्याला दिसला. आत चहा असेल असं त्याला आधी वाटलं. पण डाख बघून त्याने तो उघडला नाही, होडीत घालून तीस मैलांवरच्या चौकीत नेऊन दिला. "एवढं जपून बंद केलंय, म्हणजे कुणाच्या तरी जिवाचं असणार," असं म्हणाला म्हणे. चौकीत मॅग्नसचं पत्र आलेलंच होतं, तेव्हा त्यांनी डबा सरळ रजिस्ट्रारकडे पाठवला.

इतक्यात दूधवाला आला, हातात दुधाची किटली. तिघांकडे बघून गोंधळला. बार्बराने त्याला खांद्याला धरून आत ओढलं, केकचा तुकडा तोंडात कोंबला, आणि मग बाजूला सरून म्हणाली, "या आता, साहेब. पाय पुसून."

डबा उघडला तो रजिस्ट्रारच्या खोलीत, कौन्सिलातल्या दोघांसमोर. मॅग्नस पुन्हा उंबऱ्याबाहेर. झाकण कसं सोडवायचं ते तो सांगत होता, साहेब करत होते, आणि यावेळी बोट भाजलं नाही. झाकण निघालं. साहेबांनी वरचा गठ्ठा उचलला, गालाला लावला. मग दुसरा. सगळ्या तेवीस उत्तरपत्रिका ओटच्या भाकरीइतक्या कोरड्या. कौन्सिलातल्या एका म्हाताऱ्याने नाक शिंकरलं. मॅग्नसला पुढचं नीट दिसलं नाही, कारण त्याने चौदा वर्षांत पहिल्यांदा कामाच्या जागी रुमाल डोळ्यांना लावला होता.

त्याच आठवड्यात डबा पुन्हा डाखला, पुन्हा पिंपात बुडवला, आणि दुसऱ्या बोटीने गेला. निकालाची तार आली ती एप्रिलच्या शेवटी. तारेत नावं नसतात, नुसते बैठकीचे आकडे: तीन, चार, नऊ, अकरा, सतरा, वीस, बावीस. आणि शेवटी: सतरा, गणित, प्रथम श्रेणी. इंगा सतरा नंबर होती. तार साहेबांच्या हातात, साहेब पायऱ्यांवर, आणि मॅग्नस घंटेच्या दोरीशी. साहेबांनी आकडा सांगितला तेव्हा सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. घंटेची ती वेळच नव्हती, पण त्या दिवशी ती वाजली आणि वाजतच राहिली. गावात कुणीही घड्याळ लावलं नाही. सगळे कॉलेजकडे धावत सुटले.

सात जण एका वर्षी. आमच्या कॉलेजाने एवढे कधी पाहिले नव्हते. संध्याकाळी बेअर्ड फाटकाशी आला, हातात भलामोठा गोड पाव. "मी तर आधीपासून म्हणत होतो, पोरगी हुशार आहे," म्हणाला. बार्बराने पाव घेतला, दाबून पाहिला, आणि म्हणाली, "आज फुगलाय खरा." म्हणजे माफी झाली.

पदवीदानाला सभागृहात तिळभर जागा नव्हती. विद्यार्थ्यांनी घराघरांतून बिस्किटांचे रिकामे डबे गोळा करून आणले होते, आणि साहेब अहवाल घेऊन उभे राहिले तसा त्यांनी असा कडकडाट केला की गळक्या छपराची धूळ खाली आली. साहेब थांबले. दरवर्षी अशा वेळी ते चष्म्यावरून डोळे वटारायचे. यंदा त्यांनी छापील कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि तोंडाने बोलले.

"विद्यार्थी वाढले, पुस्तकं वाढली, ते तुम्ही घरी वाचा. यंदाची खरी प्रगती अशी की या कॉलेजातले सात जण पदवीधर झाले, त्यांत पहिल्यांदा एक बाई आहे, आणि तुमचा रजिस्ट्रार डाख द्यायला शिकला. शिकवणारा दाराशी उभा आहे." डबे पुन्हा वाजले, ते इंगा पदवी घेऊन खाली उतरेपर्यंत थांबले नाहीत. जूनमध्ये ती मुलींच्या शाळेत रुजू झाली, आणि एडिनबराला कुणी पत्र लिहिलं नाही.

पण त्याआधी एक गोष्ट राहिली होती. पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मॅग्नसने शिडी लावली, ऑगस्टमध्ये आणलेला रंग उघडला, आणि साल लिहिलं. मग एकेक नाव. अडतीस नावं त्याने अशी रंगवली होती की पट्टी लावून तपासा, एक अक्षर वर नाही की खाली नाही. यावेळी पाचव्या नावाशी तो बराच वेळ थांबला. मग लिहिलं. मग सहावं, सातवं. खाली उतरला, ब्रश धुवायला गेला.

साहेब झगा सावरत आले आणि पाटीसमोर उभे राहिले. त्यांनी मान तिरकी केली, दोन पावलं मागे गेले, परत पुढे आले. इंगा टुलॉक हे नाव इतर सगळ्या नावांपेक्षा स्पष्टपणे मोठं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं बोटभर.

"टुलॉक."

"साहेब?"

"हे पाचवं नाव जरा मोठं झालंय का?"

मॅग्नस ब्रश पुसत आला, वर बघितलं, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "लाकूड फुगलंय, साहेब. तेवढ्यापुरतं. ओल लागली असेल."

साहेब नियमाला पक्के, सांगितलंच आहे मी. पण त्यांनी शिडीच्या दोन पायऱ्या चढून आपलं भाजल्याची खूण राहिलेलं बोट वर केलं आणि नावाच्या कडेवर अलगद टेकवून रंग वाळलाय का ते बघितलं.

"मग फुगू दे," ते म्हणाले, आणि वर्गाची घंटा का झाली नाही म्हणून विचारत आत गेले.